आजोबांच्या दोन कबरी

विलो फोर्क, नेब्रास्का
६ मार्च १९३८

श्री. ऑर्व्हिल बेकविथ यांस,

आपली ओळख नाही, पण नातं आहे, तेव्हा पत्र लगेच चुलीत घालू नका. मी हेटी पार्डी, माहेरची रगल्स. तुमची आई अल्मायरा ही माझी सख्खी आत्या. माझे वडील, म्हणजे तुमचे एझ्रा मामा, तीन वर्षांपूर्वी वारले. आत्याला ओहायोत मार्लो फॉल्सच्या बेकविथांकडे दिलंय, एवढं ते कधीतरी बोलले होते. त्यावरून मी तुमच्या गावच्या पोस्टमास्तरला लिहिलं. त्याने कळवलं की तुमचं बुटांचं दुकान आहे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवता, आईबरोबर राहता आणि अजून लग्न केलेलं नाही. शेवटचं मी विचारलं नव्हतं.

काम असं आहे. थर्झा आजी आणि लेम्युएल आजोबा, दोघांच्या कबरी आमच्या शेतामागच्या टेकडीवर आहेत. सरकारचा नवा हमरस्ता नेमका त्या टेकडीच्या पोटातून जायचाय. जूनमध्ये खोदाई सुरू होईल. त्याआधी दोघांना गावातल्या चर्चच्या दफनभूमीत हलवून नवा दगड बसवायचा, असं आम्ही ठरवलंय. आजोबांच्या कबरीवरची लाकडी फळी कधीच कुजली. ते टोळधाडीच्या साली, १८७४ मध्ये गेले, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. जन्मतारीख मात्र कोणालाच ठाऊक नाही. आत्याला विचारून कळवाल का?

आजोबा कसे गेले, ते आत्याने सांगितलंच असेल. टोळ उतरले तेव्हा ते एकटे ओलं गोणपाट घेऊन मक्यात उभे राहिले, हलले नाहीत, आणि त्या श्रमाने ताप भरून गेले. माझे वडील ही गोष्ट दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी आजोबा थोडे जास्त वेळ उभे राहायचे. मग आत्याला ओहायोत तिच्या आत्याकडे पाठवलं आणि ती तिकडचीच झाली.

आत्याला नमस्कार सांगा.

तुमची मामेबहीण,
हेटी पार्डी


मार्लो फॉल्स, ओहायो
१९ मार्च १९३८

श्रीमती पार्डी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. त्यात काही गफलत झालेली दिसते. माझे आजोबा लेम्युएल रगल्स हे १८८१ साली येथेच, मार्लो फॉल्समध्ये, न्यूमोनियाने वारले. त्यांची कबर मेथडिस्ट चर्चच्या मागे आहे. तिच्यावरचे गवत मी स्वतः कापतो. जन्मतारीख ९ नोव्हेंबर १८३८ ही त्या दगडावर स्पष्ट कोरलेली आहे. त्यांचा दाढीचा वस्तरा माझ्याकडे असून मी तो रोज वापरतो.

त्यांनी टोळांशी झुंज दिल्याचे ऐकिवात नाही. ते अंगणातली कोंबडीसुद्धा हाकलत नसत, असे आई सांगते.

उलट, आजीच १८७४ साली तिकडे तापाने वारल्या अशी आमची समजूत आहे. मी लहानपणी विचारले की आई एवढेच म्हणायची, "ती गेली." त्यापुढे तो विषय घरात निघत नाही. एक मामा होते आणि "ते तिकडेच राहिले," एवढे ठाऊक होते. त्यांच्या निधनाचे वाचून वाईट वाटले.

आपण इतकी वर्षे नेमक्या कोणाच्या कबरीवर फुले वाहत आहात, याचा शोध घ्यावा ही विनंती.

आपला,
ऑ. बेकविथ

ता. क. पोस्टमास्तरांशी मी बोललो आहे.


विलो फोर्क
२७ मार्च १९३८

प्रिय ऑर्व्हिल,

मी तुला 'तू' म्हणणार. आतेभावाला 'आपण' म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि एकाच आजोबाला आपण दोनदा पुरलंय म्हटल्यावर औपचारिकपणाला अर्थ उरत नाही.

आजी १९०९ साली गेली आणि ती खरीखुरी गेली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शेवटच्या दिवशीसुद्धा गाईचं दूध नीट काढत नाहीस म्हणून तिने मला बोलून घेतलं. म्हणजे बघ, तुमच्या घरात आजी तापाने मेली आणि आमच्या घरात आजोबा तापाने मेले. एकच ताप दोघांना पुरला. तुझ्या आईने "ती गेली" म्हटलं आणि कुठे गेली हे तू चव्वेचाळीस वर्षांत विचारलं नाहीस. दुकानात गिऱ्हाइकाने "बूट द्या" म्हटलं तर त्याच्या पायाचं माप तरी घेतोस ना?

आजी तुला आवडली असती. नाही, घाबरला असतास. उंच, उन्हाने चामड्यासारखी झालेली, हातात कायम काहीतरी: कुदळ, बादली, नाहीतर कोणाचा तरी कान. आधी मातीच्या ढेकळांच्या घरात राहिली, मग त्याच्या शेजारी लाकडाचं घर बांधून घेतलं. या उघड्या माळावर सफरचंद होत नाही असं सगळे सांगत होते. तिने लावलेली झाडं मी आजही छाटते. दुसरं लग्न करायला तीनजण आले होते. एकाला म्हणाली, "मला नवरा आहे." तो म्हणाला, "बाई, तो तर वर आहे." ती म्हणाली, "म्हणूनच आमचं पटतं." ही गोष्ट सांगून आम्ही हसायचो. आता तुझ्या पत्रानंतर मला तितकंसं हसू येत नाही.

मी बार्बोरा मावशीकडे जाऊन आले. बार्बोरा कोपेत्स्की, आजीची शेजारीण. बोहेमियातून नवरीच्या वेषात आली ती आजीच्या बांधालगतच. आता चौऱ्यांशी वर्षांची आहे, कान शाबूत आहेत, सोयीप्रमाणे ऐकते. मी विचारलं, "मावशी, आजोबांच्या कबरीत कोण आहे?"

ती म्हणाली, "रस्ता दुसरीकडून न्या."

"रस्ता सरकार नेतंय, मी नाही."

"मग सरकारला सांग, मेलेल्याला मेलेला राहू दे." आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मला कोलाच, म्हणजे तिचे ते सारण भरलेले गोड पाव, न देता तिने परत पाठवायची ही पहिलीच वेळ. खसखशीचे होते. वास येत होता.

तू आत्याशी बोल. वस्तरा जपून वापर.

हेटी


मार्लो फॉल्स
१० एप्रिल १९३८

प्रिय हेटी,

तू म्हणतेस तर 'तू'.

मी आईला तुझी पत्रं दाखवली नव्हती. तिची प्रकृती उत्तम असली तरी ती बहात्तर वर्षांची आहे. पण परवा टेबलावर पाकीट राहिलं. ती सफरचंदं सोलत होती. पाकिटावरचा शिक्का वाचून तिने सुरी खाली ठेवली, अर्धं सोललेलं सफरचंद ठेवलं आणि खोलीत निघून गेली. त्या दिवसापासून मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. वाढतेसुद्धा अशी, की बटाटे ताटात आदळतात.

काल धीर करून विचारलं, "आई, तुझे वडील तिकडे पुरलेत असं ते म्हणतात. हे कसं काय?"

ती म्हणाली, "तिनं त्यांना मारलं." आणि दिवा घेऊन वर गेली.

हेटी, मला झोप नाही. आजोबा माझ्या आईच्या डोळ्यांसमोर इथे वारले, मग आजीने त्यांना मारलं कसं? आणि तुमच्या टेकडीवर जो कोणी आहे, त्याला कोणी मारलं? त्या तीन स्थळांपैकी एखादं बेपत्ता झालं होतं का, याची चौकशी करावीस. मी थट्टा करत नाही. शेरीफला कळवावं का, याचाही विचार व्हावा.

तुझा,
ऑर्व्हिल


विलो फोर्क
२ मे १९३८

प्रिय ऑर्व्हिल,

शेरीफला कळवू नकोस. तिन्ही स्थळं म्हातारी होऊन आपापल्या बिछान्यात मेली. एकाचा मुलगाच आमचा शेरीफ आहे.

उशीर झाला कारण टर्कीची पिल्लं निघाली, आणि बार्बोरा मावशी काही बधेना. शेवटी गेल्या गुरुवारी मी तिला सांगितलं, की आता फावडी नाहीत, वाफेचं यंत्र येणार आहे आणि ते एका घासात अर्धी टेकडी उचलतं. ती म्हणाली, "लोकांसमोर?" मी म्हटलं, "सगळ्या गावासमोर. पोरं आत्तापासून जागा धरून बसलीत." मग तिने मला आत घेतलं, कॉफी ठेवली आणि दार लावलं. ती बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. आधी खुर्चीत बस.

टोळ आले ते खरं. पीक, गवत, कुदळीच्या दांड्याची साल, धुणं, सगळं खाऊन गेले. आजोबा गोणपाट घेऊन उभे राहिले हे मात्र खोटं. ते आत बसून आजीला म्हणाले, "थर्झा, निदान यांचं तरी पोट भरलं." मावशी म्हणते, लेम्युएल फार गोड माणूस होता, उपाशीपोटीसुद्धा हसवायचा, पण शेतकरी नव्हता. त्यांना ओहायोला परत जायचं होतं. एक गाडी पूर्वेकडे निघाली होती, तिच्यात जागा होती.

"भांडण झालं का?" मी विचारलं.

"झालं असतं तर बरं होतं. भांडणात कोणीतरी माघार घेतं. तो म्हणाला, 'थर्झा, येतेस?' ती म्हणाली, 'नाही. तू राहतोस?' तो म्हणाला, 'नाही.' ती म्हणाली, 'मग कॉफी पिऊन जा.' कॉफी कसली, करपवलेलं राय नावाचं धान्य होतं. प्यायला आणि गेला."

तुझी आई आठ वर्षांची होती आणि उन्हाळाभर खोकत होती. आजी आजोबांना म्हणाली, "हिला ने. हा हिवाळा ही इथे काढायची नाही." माझे वडील चार वर्षांचे, धडधाकट, ते राहिले. मावशी म्हणते, गाडी टेकाडाआड गेली तरी आजी तिथेच उभी होती. मग वळून म्हणाली, "बार्बोरा, गाय पिळायची राहिली." गाय तर आठवड्यापूर्वीच आटली होती.

आता मुद्द्याचं. जमीन सरकारी. पाच वर्षं राहून कसून दाखवली की नावावर होते, पण अर्ज आजोबांच्या नावाचा. थोड्याच दिवसांत गिब्स नावाचा एक इसम घोड्यावरून आला. अशा सोडलेल्या जमिनी तो शोधत फिरायचा. विचारतो, "नवरा कुठाय?" आजी म्हणाली, "मेला."

मावशी तिथेच होती. म्हणते, "मी थर्झाकडे पाहिलं. तिला स्वतःलाही ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत ठाऊक नव्हतं." नवरा पळाला तर बाईची जमीन जाते आणि विधवेची राहते, असं त्या दोघींना वाटत होतं. कायद्यात खरोखर तसं होतं का, हे मला विचारू नकोस. मावशीलाही ठाऊक नाही.

गिब्सने टोपी काढली. म्हणाला, "वाईट झालं. दफन कधी?"

"रविवारी."

"मग मी पाद्री घेऊन येतो," म्हणाला. त्याला खात्री करून घ्यायची होती.

तो गेला आणि आजी म्हणाली, "बार्बोरा, आता एक प्रेत पाहिजे."

त्याच आठवड्यात आजीचा बैल मेला होता, उपासमारीने. ऑर्व्हिल, त्याचं मांस दोन्ही घरांनी वाटून घेतलं होतं. दोघींनी गाडीच्या फळ्या काढून पेटी ठोकली आणि उरलेला बैल तिच्यात ठेवला: डोकं, फासळ्या, पायांची हाडं, वजनाला थोडे दगड. शिंगं आडवी येत होती, ती करवतीने कापली. टेकडीवर खड्डा खणला. रविवारी गिब्स आला, पाद्री आला, माझ्या चार वर्षांच्या बापाने मूठभर माती टाकली.

"पाद्री छान बोलला," मावशी म्हणते. "माझं इंग्रजी तेव्हा थोडं होतं, पण तेवढं कळलं. म्हणाला, मयत फार कष्टाळू होता. कधी कुरकुरला नाही, मानेवरचं जू त्याने मुकाट्याने ओढलं. मी थर्झाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच दोघींच्या जमिनी गेल्या असत्या."

तर असं आहे. दर मे महिन्याच्या अखेरीस, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, माझा बाप टोपी काढून ज्याच्यापुढे उभा राहायचा, तो बैल होता. बाबा हे न कळता गेले, याचं मला बरं वाटतं. रात्री अंथरुणात मी हसले आणि मग हसता हसता दुसरंच काही झालं. क्लेम, माझा नवरा, म्हणाला, "तुम्हा रगल्स बायकांचं काही कळत नाही."

तुझ्या आईला हे कसं सांगायचं, ते तू ठरव. "मारलं" म्हणजे काय, ते आता तुला समजलं असेल. पण तिला ते कसं ठाऊक, हे मला समजलेलं नाही.

हेटी


मार्लो फॉल्स
१५ मे १९३८

प्रिय हेटी,

मी ठरवलं काहीच नाही. तुझं पत्र वाचताना मला हसू आलं, आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" आणि मी कधी नव्हे ते खरं बोललो. म्हटलं, "तुझ्या आईचं पत्र आहे, एका अर्थी." तिने हात पुसले, समोर बसली, म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "हिला ने, हा हिवाळा ही इथे काढायची नाही," इथे आले तेव्हा तिने मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. बैलापर्यंत पोहोचलो तशी म्हणाली, "कुठला बैल? तांबडा की पांढरा?"

"ते लिहिलेलं नाही."

"तांबडाच. पांढरा आधीच विकला होता. बक त्याचं नाव. मी त्याच्या पाठीवर बसून ओढ्यावर जायचे." मग टेबलावरचं पाकीट उलटं करून म्हणाली, "तिने बकला खाल्लं?"

"अर्धा, आई."

"आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पाद्री आणला."

तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पाणी आणायला उठलो. परत आलो तर ती हसत होती. हेटी, माझी आई हसते ती नाकातून, आवाज न करता. अशी टेबलाला धरून हसताना मी तिला पाहिलेलं नाही. म्हणाली, "बाबांना कळायला हवं होतं. ते म्हणाले असते, माझ्या जागी माझ्यापेक्षा कामाचा गडी मिळाला."

त्यानंतर ती बोलली. बटाटे थंड झाले.

ती अकरा वर्षांची असताना तिकडचा एक फिरता विक्रेता आजोबांच्या बहिणीच्या दुकानात आला. रगल्स हे नाव ऐकून म्हणाला, "विलो फोर्कला एक रगल्स होता बिचारा. टोळधाडीच्या साली वारला. बायको एकटी जमीन कसते." आजोबा काउंटरमागे उभे होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "माझा भाऊ. आम्हाला फार दुःख झालं." त्याला तंबाखू फुकट दिली.

तो गेल्यावर ते आईला म्हणाले, "अल्मायरा, तुझ्या आईने मला मारलंय. आता मला शहाण्यासारखं मेलेलं राहायला हवं." त्यांना गंमत वाटत होती. अकरा वर्षांच्या मुलीला ती वाटली नाही. तिने एवढंच धरलं, की आईने आपल्याला पाठवून दिलं आणि वर बाबांना मेलेलं ठरवलं. जमिनीचं कारण त्यांनी समजावलं असेल, तर तिने ऐकलं नाही.

पुढचं तर मलाही नवं आहे. १८८० च्या शरदात आजी इथे आल्या होत्या. जमीन नावावर झाल्यावर, रेल्वेने, एकट्या. ओसरीवर बसल्या. आईने त्यांना पडद्याआडून पाहिलं आणि आपल्या खोलीला कडी घातली. आजोबा दारापर्यंत येऊन गेले. आई उघडेना. मग बाहेरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. ती म्हणते, "सहा वर्षं मी रडले आणि ती दोघं कॉफी पीत हसत होती. मी ठरवलं, आता नाहीच."

आजी संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. पुढच्या हिवाळ्यात आजोबा वारले.

आईने मला विचारलं आणि मी ते तुला विचारतो: तुझ्या त्या बार्बोरा मावशींना, आजी त्या प्रवासाबद्दल काही बोलल्या होत्या का? आई म्हणते, तिला काही फरक पडत नाही, सहज विचारतेय. ती सहज काही विचारत नाही.

ऑर्व्हिल

ता. क. त्या विक्रेत्याला दिलेली तंबाखू आजोबांच्या बहिणीची होती. तिने त्यांना अखेरपर्यंत माफ केलं नाही.


विलो फोर्क
१२ जून १९३८

प्रिय ऑर्व्हिल,

झालं एकदाचं. आधी टेकडीचं सांगते, मग तुझ्या प्रश्नाचं.

मी मुकादमाला सांगितलं की आजोबांना आम्ही घरचे लोकच उचलू. क्लेम आणि मी दिवस उजाडल्याबरोबर फावडी घेऊन गेलो. पाद्री दहाला यायचे होते, तोवर बकला गोणीत भरून सफरचंदाच्या झाडांखाली नेऊन पुरू, असा बेत. पण आमचे पाद्री तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि माझं सांत्वन करायला लवकर आले. क्लेमच्या हातात तेव्हा नेमकं जबड्याचं हाड.

पाद्रींनी ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मिसेस पार्डी, तुमच्या आजोबांचे दात फार मजबूत होते."

मी तिथेच मातीच्या ढिगावर बसून त्यांना सगळं सांगितलं. लपवायला आता होतं काय. गावाने काय म्हणायचं ते म्हणावं, पण आजी जमिनीच्या कागदांसाठी शपथेवर खोटं बोलली होती आणि तिच्या त्या खोट्यावर मी जन्मले, वाढले, अजून पेरते. पाद्री ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चर्चच्या वहीत बैलाची नोंद मला करता येणार नाही. बाकी मी लवकर आलोच नव्हतो. दहाला येतो." आणि खरंच खाली जाऊन दहा वाजता पुन्हा चढून आले.

बार्बोरा मावशीला नातवाने गाडीतून आणलं होतं. गोणीकडे पाहून म्हणाली, "चवीला चांगला होता."

आजी आता चर्चमागे आहे, भिंतीजवळ, सकाळचं ऊन येतं तिथे. दगडावर फक्त तिचं नाव घातलंय. सरकारने दोन जागा दिल्या होत्या. दुसरी रिकामी राहिली. तिचं काय करायचं, असं पाद्री विचारतात. आजोबांना ओहायोहून आणायचं असेल तर कळव.

आता प्रवासाचं. आत्याला हे हळू वाच.

मावशी म्हणते, आजी स्टेशनपासून चालत आली, निळ्या पोशाखात, तो तिने या प्रवासासाठीच शिवला होता. मावशीने विचारलं, "पोरगी आणली नाहीस?"

आजी म्हणाली, "ती आतच होती. मी कॉफी पुन्हा पुन्हा मागून घेतली, वेळ काढायला. लेम्युएल म्हणाला, दार तोडू का. मी म्हटलं, नको, ओढून आणलेलं माणूस राहत नाही, तुझ्यावरून मला ठाऊक आहे."

"आणि त्याला का नाही आणलंस?"

"आणणार होते. तो म्हणाला, 'थर्झा, मी कसा येऊ? मी तिथे पुरलेला आहे. मी दिसलो तर तुझी जमीन जाईल, आणि माझ्यावरची फुलं वाया जातील.' मग आम्ही हसलो." मावशी म्हणते, हे सांगताना आजी पुन्हा हसली आणि बूट काढता काढता म्हणाली, "माडीवर तिची पावलं ऐकली मी. जड वाजत होती. चांगली भरलीय अंगाने. खोकला नाही."

आणखी एक. पुढच्या हिवाळ्यात आजीला तुमच्याकडून पत्र आलं, आजोबांच्या बहिणीचं असेल. आजीने काळे कपडे घातले. गावातल्या बायकांनी विचारलं, "थर्झा, कोण गेलं?" आजी म्हणाली, "नवीन कोणी नाही."

वर्षभर काळे कपडे घातले तिने. गावाला वाटलं, रगल्सबाई उशिरा का होईना, पण रीत शिकल्या.

हेटी


मार्लो फॉल्स
२५ जून १९३८

हेटी हिस,

मी अल्मायरा, तुझी आत्या. ऑर्व्हिल मागे उभा राहून माझं शुद्धलेखन तपासतोय, म्हणून त्याला दुकानात पाठवलंय.

तुझी सगळी पत्रं मी वाचली. तो वाचून दाखवतो त्यात गाळतो. 'जड पावलं' त्याने गाळलं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मुद्दाम आपटत चालत होते, तिला ऐकू जावं म्हणून. तिने ऐकलं, हे मला आता कळतंय.

बाबांना तिकडे आणायचं नाही. जाताना ते मला म्हणाले होते, "मला पश्चिमेला नेऊ नकोस, तिची जमीन जाईल." मला वाटलं, तापात बडबडतायत. ते कबूल केल्याप्रमाणे मेलेले राहिले. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत नेली, ती मी मोडणार नाही. ऑर्व्हिल गवत कापतो ते ठीक आहे.

मी सप्टेंबरमध्ये येते. ऑर्व्हिलही येईल, त्याने कोणाला दुकान द्यायचं ते ठरवलंय. स्टेशनवर बँड, पाद्री, नातवंडं यातलं काही नको. बार्बोरा हवी. तिला म्हणावं, बकची चव कशी होती हे मला तोंडावर सांग. आणि त्या गावात लग्नाची राहिलेली एखादी शहाणी बाई असेल तर तिला जेवायला बोलव, पण ऑर्व्हिलला आधी सांगू नकोस, तो येणार नाही.

आता ती रिकामी जागा. ती कोणाला द्यायची नाही. माझ्या नावावर ठेव. मी बहात्तर वर्षांची आहे, दात माझे स्वतःचे आहेत, खोकला नाही. मला घाई नाही. तोवर पाद्रींची हरकत नसेल तर तिथे कांदे लाव, जमीन पडीक ठेवलेली तिला चालायची नाही.

ती ओसरीवर बसली होती आणि मी दार उघडलं नाही. आता तिला आणखी थोडं बसावं लागेल. तिच्या दगडापाशी गेलीस की सांग तिला, अल्मायरा येतेय म्हणून.

तुझी आत्या,
अल्मायरा